पोटुशी बाई रडली म्हणून बाळाचा मेंदू खुंटत नाही

ओटीभरणाच्या दुसऱ्या दिवशी भावजयीने मला हळूच विचारलं, "ताई, वडील गेले तेव्हा मी फार रडले हो. आता बाळाचं काय होईल?" तिला एकाच दिवसात तिघींनी पाठवलेला मेसेज सोलापुरात घरोघरी फिरतोय. त्यात म्हटलंय: गर्भवतीच्या प्रत्येक अश्रूने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, पोटाला हेडफोन लावून मंत्र ऐकवल्यास बाळ बुद्धिमान होतं, लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, म्हणून केशर-दूध घ्या.

अश्रूंचं आधी. ताण आला की आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, हे खरं. पण वारेत, म्हणजे आई आणि बाळाला जोडणाऱ्या अवयवात, असं एक विकर (एन्झाइम) असतं, जे बाळापर्यंत पोचण्याआधीच त्यातलं बरंचसं निकामी करतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 2006 सालच्या अभ्यासात तर सौम्य-मध्यम ताणातल्या निरोगी आयांची मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा विकासात किंचित पुढेच दिसली. बाप गेल्यावर लेक रडणारच.

महिनोन् महिने चालणारी तीव्र चिंता किंवा नैराश्य मात्र वेगळं. ब्रिटनमधल्या एव्हॉन भागातल्या मोठ्या पाहणीत, गरोदरपणात सर्वाधिक चिंताग्रस्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये वर्तनाच्या तक्रारींचा धोका सुमारे दुप्पट आढळला. तरीही त्यातली बहुतेक मुलं ठीकच होती. अशा बाईला उपचार हवेत, दटावणी नको.

1998 साली कॅनडातल्या क्युबेकमध्ये बर्फाच्या वादळाने कित्येक आठवडे वीज गेली. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांची मुलं पुढे तपासली गेली. दोन वर्षांच्या मुलांच्या भाषेचा आणि बुद्धीचा संबंध आईने किती हाल सोसले याच्याशी दिसला. ती मनातून किती घाबरली याच्याशी तसा दिसला नाही. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण हाल आजूबाजूच्यांना कमी करता येतात. आमच्या पूर्व भागात दिवस भरत आले तरी मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करणाऱ्या बाया आहेत. तंबाखूची धूळ नाकात, वर दातांना मिश्री. निकोटिन वार ओलांडून थेट बाळाकडे जातं. नवऱ्याचा मार खाणाऱ्याही आहेत. मेसेजात यातलं एक अक्षर नाही.

हेडफोनची गरज नाही. साधारण सहाव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येतं आणि आईचा आवाज ते जन्मल्यावर ओळखतं. मंत्राने बुद्धी वाढल्याचा पुरावा नाही.

गोळ्यांबद्दलची ओळ सगळ्यात घातक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. बाळाच्या मेंदूला लोह लागतंच. गोळीने शौच काळी होते, बाळ नाही. रंग आईबापाकडून येतो. फॉलिक ॲसिड तर दिवस राहण्याआधीपासूनच हवं, कारण मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आसपास मिटते.

फार उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मदत मोफत मिळते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते.

मेसेज पाठवणाऱ्या तिघींपैकी एक माझी आईच होती. हे सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग उरलेल्या दोघींना तिनेच फोन लावला. आता 9 तारखेला सुनेबरोबर तीच जाणार आहे.