काच की दगड, हे नंतर. आधी सांध्याचं ड्रॉइंग काढा

जुन्या संग्रहालयाशेजारी नवं ऑफिस बांधायचं ठरलं की लगेच दर्शनी भागावर वाद रंगतो. कमानी घ्यायच्या का, रंग जुळवायचा का. माझं ठाम मत असं की पहिलं ड्रॉइंग दोन इमारतींमधल्या सांध्याचं हवं, आणि तेही १:५ मापात, म्हणजे प्रत्यक्षाच्या एक-पंचमांश आकारात. जुनी वास्तू नासते ती तिथूनच.

जुनी भिंत खचायची तेवढी कधीच खचून झालेली असते. नवी इमारत बांधताना आणि नंतरही काही वर्षं बसत राहते. दोघींना सळयांनी जखडलं की नवी जुनीला खाली ओढते आणि तिरके तडे जातात. म्हणून नवे खांब जुन्या भिंतीपासून दोन-तीन मीटर अलीकडे घ्यावेत आणि तिथून स्लॅब कॅन्टिलिव्हर, म्हणजे टोकाला आधार नसलेली, पुढे काढावी. दोन इमारतींमधली फट किमान ५० मिमी ठेवावी. भूकंपाच्या पट्ट्यात दोन्ही इमारती किती डोलतील त्याची बेरीज करून वाढवावी. फटीवरचा पत्रा नव्या बाजूला पक्का, जुन्या बाजूला सरकता. जुन्या भिंतीवरची पट्टी दगडाला भोक न पाडता दोन थरांमधल्या चुन्याच्या सांध्यात बसवावी. आणि तिथे सिमेंट भरू नका, कृपा करून! ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

नवी भिंत उंच असेल तर तिच्यावर आपटलेला पाऊस थेट जुन्या छपरावर उतरतो. जुनी पन्हळ तेवढ्यासाठी केलेलीच नसते. हिशेबात त्या उभ्या भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ छपरात मिळवायला हवं.

खोदाई जुन्या पायाच्या खाली जाणार असेल तर पायाखालचा आधार एकेक मीटरच्या टप्प्यांत, मधले टप्पे सोडून द्यायचा. ठोकून बसवायचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, नकोतच; ठोकताना जमीन हादरते. वारसा वास्तूंसाठी जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ पायाशी, १० हर्ट्झखालच्या कंपनांना, ३ मिमी प्रति सेकंद एवढ्याच वेगाची मुभा देतं.

मजल्यांची उंचीही जुळत नाही. संग्रहालयाचे साडेपाच मीटरचे दोन मजले म्हणजे ऑफिसचे जवळपास तीन. मधला मजला ओढूनताणून जोडू नये. ४५० मिमीच्या फरकालाही १:१२ उताराने ५.४ मीटर रॅम्प लागतो! बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात वास्तुविशारद लिबेस्किंड यांनी नवी इमारत १७३५च्या वास्तूला जमिनीखालून जोडली. वर दिसणारा दुवाच नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १९९१मध्ये वास्तुविशारद फॉस्टर यांनी दोन जुन्या इमारतींमधल्या फटीत जिना आणि लिफ्ट बसवली, आणि झाकलेली जुनी भिंत पुन्हा दिसू लागली. मला हा संयम कोणत्याही चमकदार दर्शनी भागापेक्षा मोलाचा वाटतो.

ऑफिसची हवा दिवसभर बदलते, संग्रहाला ती स्थिर लागते. मधे दोन दारांची लॉबी हवी, दोन्ही दारं एकाच वेळी न उघडणारी. कँटीन सामाईक भिंतीपासून सर्वांत लांब, कारण खरकट्यामागे किडे येतात आणि तिथून कापड-कागदापर्यंत पोचतात.

तडे मोजायच्या पट्ट्या मात्र काम सुरू व्हायच्या वर्षभर आधी लावा. जुने तडे ऋतूंप्रमाणे उघडतात-मिटतात. ती नोंद हाती नसेल तर खोदाईने नेमकं काय फाटलं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.