‘पिकनिक’ म्हणणाऱ्या मास्तरांना

‘निवृत्त मास्तर’ या नावानं तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा रात्री जेवणाआधी वाचली, ती चूक झाली. सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारून आल्यावर पुन्हा वाचली, तरी राग उतरला नव्हता. आता तिसऱ्यांदा वाचून लिहायला बसलोय, तेव्हा कुठं शब्द जास्त लागला तर आधीच माफी मागतो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की, अधिकाऱ्याला कर्मचाऱ्यांपुढं प्रशिक्षक म्हणून उभं करण्याआधी शिकवायचं कसं हे त्याला शिकवावं. केंद्राच्या कार्मिक आणि प्रशिक्षण विभागानं त्यासाठी आखलेला पाच दिवसांचा ‘डायरेक्ट ट्रेनर स्किल्स’ हा अभ्यासक्रम मला कसा उपयोगी पडला, तेही लिहिलं होतं. आम्ही त्याला नुसतं डीटीएस म्हणतो. त्यावर तुम्ही लिहिता:

‘पाच दिवसांत कोणी मास्तर होत नाही. आम्ही दोन वर्षं डी.एड. केलं, टाचणं काढली, सराव पाठ दिले, तेव्हा कुठं फळ्याजवळ उभं राहिलो. तुमचं प्रशिक्षण म्हणजे सरकारी खर्चानं पुण्याची पिकनिक, रंगीत कागद चिकटवा आणि टाळ्या वाजवा. त्यानं सातबाऱ्याचे हेलपाटे कमी झाले का? शिकवणाऱ्याची बदली झाली की पुढं काय? आणि राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण २०१२ चं नाही, १९९६ चं आहे. एवढं तरी तपासून लिहावं.’

शेवटचं आधी घेतो. साल माझं चुकलं, कबूल. पहिलं धोरण १९९६ चंच, २०१२ चं सुधारित. माझ्या डोक्यात अडीच टक्क्यांचा आकडा होता. प्रत्येक खात्यानं पगारावरच्या खर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी, हे २०१२ च्या धोरणात आहे. १९९६ मध्ये तो आकडा दीड टक्का होता. लिहिताना दोन्हींची गल्लत झाली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. फक्त ‘एवढं तरी’ या दोन शब्दांची काय गरज होती, ते समजलं नाही. तुमच्या वर्गात पोरगं चुकलं तर त्यालाही असंच म्हणायचात का?

आता पिकनिक.

साहेब, मी महसुलात लिपिक म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. मधली ३४ वर्षं अव्वल कारकून, मंडळ अधिकारी असं करत गेली. पिकनिक कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. पन्हाळ्याला जाऊन झुणका-भाकर खाल्ली की ती पिकनिक. पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचं, बाणेर रोडला यशदात, म्हणजे राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत, उतरायचं, साडेनऊला वर्गात बसायचं आणि रात्री अकरापर्यंत दुसऱ्या दिवशीच्या सत्राची तयारी करायची, ही पिकनिक असेल तर तुमचं डी.एड. म्हणजे दोन वर्षांची जत्रा म्हणावी लागेल. बघा, मलाही असं बोलता येतं. बोलू नये, हे खरं.

रंगीत कागद चिकटवले का? चिकटवले. टाळ्या वाजवल्या का? वाजवल्या. पण तिथं काय झालं ते तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून सांगतो.

प्रत्येकानं आपल्याला येत असलेली एक गोष्ट दुसऱ्याला दहा मिनिटांत शिकवायची होती. शिकवून झालं की त्यानं ती आपल्यासमोर स्वतः करून दाखवायची. मी म्हटलं, हातचा मळ. फेटा घेतला. विशीपासून फेटा बांधतोय, गल्लीतल्या निम्म्या लग्नांत नवरदेवाला मीच बांधलाय. समोर विदर्भातले एक अधिकारी होते. मी त्यांच्या डोक्याला गुंडाळत गेलो आणि तोंडानं सांगत गेलो, ‘हे असं घ्यायचं, मग असं फिरवायचं, इथं जरा ताण द्यायचा.’ चार मिनिटांत झकास फेटा बसला, तुरा उभा, शेमला पाठीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या (त्या तुमच्या टाळ्या ह्याच). मग प्रशिक्षक म्हणाले, आता सोडा, त्यांना बांधू दे. त्या गृहस्थांना पहिला वेढासुद्धा जमेना. कापड खांद्यावर आलं. पाहणाऱ्या पाच जणांनी मग मला एकेक गोष्ट सांगितली. मी समोर उभा होतो, त्यामुळे त्यांना सगळं उलटं दिसत होतं. टप्पे सांगितले नव्हते. ‘जरा ताण’ म्हणजे किती, ते माझ्या बोटांना ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, शिकवताना पूर्ण वेळ कापड माझ्याच हातात होतं.

इतकी वर्षं नोकरी झालेल्या माणसाला सगळ्यांसमोर असं ऐकून घ्यायला काय वाटतं, ते मास्तरांना वेगळं सांगायला नको. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

न जाण्याचं खरं कारण फेटा नव्हता. आदल्या विधानसभा निवडणुकीत मी मतदान केंद्राध्यक्षांना प्रशिक्षण दिलं होतं. जिल्ह्यातल्या एका हॉलमध्ये, कोणत्या ते राहू दे, तीनशेच्या वर माणसं होती. स्टेजवर मी, हातात माइक, मागं पडद्यावर चित्रं. अभिरूप मतदान (मॉक पोल) घ्या, मग मतदान यंत्रावरची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं याच क्रमानं दाबा, मगच प्रत्यक्ष मतदान सुरू करा, हे मी किमान दहा वेळा सांगितलं. मान सगळ्यांनी डोलावली. मतदानाच्या दिवशी एका केंद्रावर क्लोज-रिझल्ट-क्लिअर करायचंच राहून गेलं, अभिरूप मतं मशीनमध्येच राहिली. सकाळी टक्केवारी कळवायच्या वेळी नमुना १७-अ च्या (मतदारांच्या नोंदवहीतल्या) नोंदी आणि मशीनवरचा आकडा जुळेना, तेव्हा कळलं. पुढची धावपळ, अहवाल, खुलासे, ते सगळं त्या बिचाऱ्या केंद्राध्यक्षाच्या माथी आलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक होता. हो, डी.एड. झालेला. मी तेव्हा म्हटलं होतं, दहादा सांगूनही लक्ष नाही, त्याला मी काय करू. यशदातल्या त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, कापड माझ्याच हातात होतं.

२०१९ ला मी व्यवस्था बदलून घेतली. पंधरा-पंधराचे गट, प्रत्येक टेबलावर एक संच. भाषण वीस मिनिटांच्या वर नाही. प्रत्येकानं स्वतः अभिरूप मतदानाची पन्नास मतं टाकायची, क्लोज-रिझल्ट-क्लिअर करायचं, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात घालायच्या, आणि शेजाऱ्यानं चूक काढायची. वेळ दुप्पट लागला. वरून विचारणा झाली, ‘अजून किती बॅचेस?’ माझ्या गटातल्या एकाही केंद्रावर क्लिअर राहिलं नाही. (तोवर सूचनाही अधिक काटेकोर झाल्या होत्या, माणसांनाही सवय झाली होती. तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.)

आता तुमच्या डी.एड.कडे येतो. दोन वर्षांत तुम्ही जे शिकलात त्याबद्दल मला आदर आहे. आमच्या घरातही डी.एड. आहे, सौभाग्यवती २९ वर्षं प्राथमिक शाळेत होत्या. पण तुमच्यापुढं बसतं ते सात वर्षांचं पोर. माझ्यापुढं बसतो तो ५२ वर्षांचा तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. त्यानं पंचवीस वर्षं फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, लिहिलेत. २०२१ च्या पुरात शिरोळकडं पंचनामे केलेत. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पहिला फोन कुणाचा येतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तो हाताची घडी घालून बसतो आणि त्याच्या डोळ्यांत लिहिलेलं असतं, ‘बोला साहेब, पाचची गाडी आहे.’ त्याला टाचण काढून पाठ देता येत नाही. आधी त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, मग त्याच्यात आपलं घालावं लागतं. डीटीएसमध्ये हेच घोटून घेतात. सत्र संपल्यावर माणूस कोणतं काम करू शकेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती बिनचूक, एवढं आधी एका वाक्यात लिहा म्हणतात. ‘फेरफाराबाबत माहिती देणे’ असं लिहिलं की ते खोडतात. माझं चार वेळा खोडलं.

आणि पाच दिवसांत मास्तर होतो असं मी लिहिलंच कुठं? मूळ लेख पुन्हा वाचा. ‘कमी वाईट शिकवायला लागलो’ असं लिहिलंय. मास्तर हा शब्द तुम्ही आणलात आणि मग तुम्हीच तो माझ्याकडून काढून घेतलात.

कोल्हापूरच्या माणसानं तर हे बोलूच नये. गावकामगाराला काम शिकवावं लागतं, नुसतं नेमून चालत नाही, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. शाहू महाराजांनी पाटलांना कामाचं शिक्षण देण्यासाठी पाटील शाळा काढली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. तेव्हाही कोणी तरी म्हटलंच असेल, पिढ्यान्‌पिढ्या दप्तर सांभाळलेल्यांचं काम हे नवखे काय करणार. आपण दसरा चौकातून जाता-येता पुतळ्याला हात जोडतो आणि घरी येऊन प्रशिक्षणाला पिकनिक म्हणतो.

राहिले दोन मुद्दे. सातबाऱ्याचे हेलपाटे. अहो, डिजिटल सहीचा सातबारा आता मोबाईलवर निघतो, हेलपाटे कोण घालतंय? फेरफाराचं म्हणत असाल तर तो हरकत, नोटीस, मुदत असा कायद्याचा विषय आहे, त्याला प्रशिक्षक काय करणार. प्रशिक्षणानं कामात काय फरक पडला ते मोजण्याचं एक शास्त्र आहे, त्याचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. त्यावर पुन्हा कधी तरी लिहीन. बदलीचं म्हणाल तर बदल्या सगळ्यांच्याच होतात, माझीही झाली, डीटीएसनंतर दीड वर्षात पुरवठ्याला. त्यावर इथं चर्चा करून शासन निर्णय थोडाच निघणार आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर घरात सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, ‘पिकनिकवर एवढं लिहिलंत, आणि हेलपाट्यांचं दोन ओळींत उरकलंत.’ मी म्हटलं, त्यांचा सूर बघ की. त्या म्हणाल्या, ‘सूर आमच्या सगळ्या मास्तरांचा असाच असतो.’ हे तुमच्या बाजूनं की माझ्या, ते विचारायच्या आत त्या आत गेल्या.

तर १९९६ ची दुरुस्ती मी केली आहे. ‘पिकनिक’ तुम्ही मागं घ्या.