येणे बाकी : ४५२ रुपये

रविवारी सकाळी साडेआठ ते सव्वाअकरा या वेळात आम्ही सहा मित्रांनी यश, सत्य, समाज आणि पैसा या चारही विषयांचा कायमचा निकाल लावला. पहिल्या तिघांचा निकाल तोंडी लागला. पैशाचा माझ्या खात्यातून लागला. १०७१ रुपये.

पात्रपरिचय लांबवत नाही. एक यशस्वी, जो गेली सात वर्षं पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे. एक सत्यवादी, जो तोंडावर बोलतो आणि त्याच्या तोंडावर कोणी बोललं की आठवडाभर फोन उचलत नाही. एक समाजचिंतक. एक गुंतवणूकवाला. एक मौनी, ज्याचं तोंड सतत दुसऱ्या कामात असतं. आणि मी, म्हणजे काउंटरच्या बाजूला बसलेला.

हॉटेलात रविवारची गर्दी होती. मॅनेजरने दोन टेबलं जोडून आम्हाला बसवलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर एका काकांना आणून ठेवलं. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला लाल-निळं दुतोंडी पेन. पुढ्यात एक चहा. तो त्यांनी पाऊण तास पुरवला. पेपरही वाचत होते तो जाहीर नोटिशींचा. अमुक गटनंबराच्या जमिनीवर कुणाचा हक्क, बोजा, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे, हे माणूस कादंबरीसारखं वाचत होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

गुंतवणूकवाल्याने नेहमीप्रमाणे बहात्तरच्या नियमाने सुरुवात केली. नियम खरा आहे आणि सोपाही : ७२ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. सहा टक्क्यांनी बारा वर्षं, बारा टक्क्यांनी सहा. महागाईलाही तोच नियम लागतो. सहा टक्के महागाई धरली तर आज ११० रुपयांची मिसळ बारा वर्षांनी २२०ची. मौनीने ही माहिती ऐकून ताबडतोब मिसळीवर जास्तीच्या पावाची जोडी मागवली. स्वस्ताईचा काळ संपायच्या आत.

मग यशस्वी बोलला. त्याची विम्याची बचत पॉलिसी नुकतीच पिकली होती. “दरवर्षी पन्नास हजार, वीस वर्षं. भरले दहा लाख. हातात किती आले? सतरा लाख छत्तीस हजार! घरबसल्या त्र्याहत्तर टक्के. शिस्त लागते रे आयुष्यात.”

पेपर खाली आला.

“पहिला हप्ता किती वर्षं होता त्यांच्याकडे?” काकांनी विचारलं.

“वीस.”

“आणि शेवटचा?”

यशस्वीने डोशाकडे बघितलं. तो त्याचा नव्हता, पण त्या क्षणी आधाराला तेवढाच होता. “एक.”

“म्हणजे सरासरी साडेदहा वर्षं. एवढ्या वर्षांत दहाचे सतरा. दर काय पडला?”

कोणी बोलेना. बहात्तरचा नियमवालासुद्धा चमच्याने सांबार ढवळत बसला. काकांनी पेपरच्या समासात आकडे मांडले. दरवर्षी सुरुवातीला पन्नास हजार, पाच टक्के चक्रवाढ, वीस वर्षं. खाली रेघ मारली. सतरा लाख छत्तीस हजार. “पाच टक्के,” ते म्हणाले. “त्र्याहत्तर नाही. पाच. दहा लाख तुम्ही एकरकमी वीस वर्षांपूर्वी दिले असते तर पाच टक्क्यांनीच सव्वीस लाखांच्या वर गेले असते. तुम्ही ते हप्त्यांनी दिलेत. टक्का काढताना वर्षं खाल्ली की कोणीही यशस्वी दिसतो.”

त्यांच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, हे मला जास्त लागलं. डॉक्टर जसं ‘साखर आहे’ म्हणतो तसं म्हणाले. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात नोकरी गेलेली, हे मागाहून कळलं. पण आकड्याखाली रेघ मारायची पद्धत बघूनच काय ते समजायला हवं होतं.

यशस्वी सहज हार मानणारा नाही. तो म्हणाला, ते राहू द्या, पण नोकरी सोडून धंद्यात पडलेली माझ्या ओळखीची चार माणसं आज कुठल्या कुठे आहेत.

“पडलेली एकूण किती?”

“म्हणजे?”

“चार वर आली. उड्या किती जणांनी मारल्या? खालचा आकडा द्या ना.” काकांनी चहाचा घोट घेतला. “आमच्याकडे संस्थेचे सेक्रेटरी कर्जखात्यांची यादी आणून ठेवत. सगळी खाती नियमित. मी विचारायचो, थकलेल्यांचं रजिस्टर कुठंय? ते कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली नेमकी गावाला गेलेली असायची. यशाच्या तुमच्या गोष्टी त्यातल्याच. थकबाकीदार वगळून केलेलं ऑडिट.”

हे वाक्य मला आवडलं आणि माझं नसल्यामुळे रागही आला. गेली दहा वर्षं मी तेच म्हणायचा प्रयत्न करतोय, पण माझी वाक्यं ‘तसं नाही रे, बघ, म्हणजे कसंय’ इथेच संपतात.

समाजचिंतक आता पुढे सरसावला. व्यक्तीच्या यशापेक्षा समाजाचं यश महत्त्वाचं, सहकार हाच मार्ग, आपणच सहा जणांनी भिशी का काढू नये? महिना पाच हजार, सहा जणांचे तीस हजार, दर महिन्याला एकाची चिठ्ठी, सहा महिन्यांत फेरा पूर्ण. सगळे एकदम उत्साहात आले. कल्पना फुकट असेपर्यंत आम्ही उत्साहातच असतो.

“पहिल्या महिन्यात कोण उचलणार?” काका.

“चिठ्ठीत येईल तो.”

“तो तुमचा कर्जदार. तीस उचलले, स्वतःचे पाच त्यातच, बाकी पंचवीस हजार तुमचे आहेत आणि ते पाच महिने त्याच्याकडे आहेत. आणि जो शेवटी उचलणार तो ठेवीदार. त्याचे अडकले, व्याज शून्य. दोघांनाही तुम्ही ‘मेंबर’ म्हणता, भांडणाची सुरुवात तिथे.” मग त्यांनी न विचारता उपाय सांगितला. रक्कम हातात देण्याआधी उरलेल्या हप्त्यांचे पुढच्या तारखांचे धनादेश घ्यायचे. आणि जो भिशी चालवतो त्याने शेवटची पाळी घ्यायची. चालवणाराच पहिल्या महिन्यात उचलत असेल तर आपण त्या गावचेच नाही असं दाखवायचं.

“पण आपण मित्र आहोत,” समाजचिंतक म्हणाला.

“म्हणूनच बुडतं,” काका म्हणाले.

यापुढे त्यांनी जे सांगितलं त्यात विनोद नव्हता. बुडालेल्या ज्या पतसंस्था त्यांनी बघितल्या, त्यांच्या संचालक मंडळांत एकमेकांचे मित्रच होते. सभेत प्रश्न विचारला तर मित्र दुखावेल म्हणून कोणी विचारला नाही. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ आणि खाली चहा-बिस्किटांचा खर्च. ठेवीदार पाटी वाचतो, ‘सहकारी’ आणि ‘पत’ हे शब्द दिसले की बँक समजतो. बँक बुडाली तर ठेव विमा असतो, माणशी मर्यादा २०२० सालच्या फेब्रुवारीपासून पाच लाख, त्याआधी एक लाख. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्था बँक नव्हे, तिला तो लागू नाही. “पाटी रंगवायला जितका वेळ लागतो तितक्यात विचारता येतो हा प्रश्न,” ते म्हणाले. “कोणी विचारत नाही. माणूस बायकोचे दागिने मोडून ठेव ठेवतो, पण मॅनेजरला ऑडिट वर्ग कुठला मिळाला हे विचारायला लाजतो. अ, ब, क, ड. एक अक्षर. तेवढंही नाही.”

टेबलावर शांतता पसरली. तेवढ्यात वेटर तिसऱ्यांदा टेबल पुसून गेला. आमच्या भागात याला निरोप समारंभ म्हणतात.

सत्यवादीला शांतता सोसत नाही. तो म्हणाला, “सत्य कटू असतं, पण बोललं पाहिजे. मी तर कोणाचीही भीड ठेवत नाही.”

“मग सांगा,” काकांनी नुकतंच आलेलं बिल सरळ केलं, “दोन प्लेटा कोणी खाल्ल्या?”

इथे आमचं तत्त्वज्ञान संपलं आणि लेखापरीक्षण सुरू झालं. काका एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि पुढे लाल बरोबरची खूण करत. मिसळ तीन, ३३०. बरोबर. मसाला डोसा दोन, २००. बरोबर. उपमा एक, ६०. जास्तीचे पाव तीन जोड्या, ४५. कॉफी पाच, २००. चहा सहा, १५०. बरोबर. ताक एक, ३५. एकूण १०२०. त्यावर केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के जीएसटी, साडेपंचवीस अधिक साडेपंचवीस. १०७१. भागिले सहा, माणशी १७८ रुपये ५० पैसे.

“पन्नास पैसे सोडून द्या,” गुंतवणूकवाला म्हणाला.

“का? पंचवीस पैसे ३० जून २०११ला बंद झाले. पन्नास पैसे अजून चालतात.”

चक्रवाढीच्या माणसाला पन्नास पैशांचं महत्त्व शिकवावं लागलं, हा दिवसातला माझा एकमेव आनंद. तो टिकला नाही, कारण “तू दे आत्ता, नंतर बघू” असं पाच जण एका सुरात म्हणाले. आमच्या चर्चेत दहा वर्षांत झालेलं हे पहिलं एकमत.

आता जरा बिल वाटण्याच्या शास्त्राबद्दल, कारण मला राग आला की मी शास्त्रात शिरतो. समान वाटणी सोपी, पण तिच्यात एक भोक आहे. सहा जणांत वाटलं जाणार असेल तर ४० रुपयांची कॉफी मागवणाऱ्याला पडते ६ रुपये ६७ पैशांना. उरलेले ३३ इतर पाच जण देतात. इस्रायलमध्ये अभ्यासकांनी सहा-सहा जणांच्या टेबलांवर हेच करून बघितलं, ते २००४ साली छापून आलं : ज्याचं त्याने द्यायचं असेल तर माणूस जपून मागवतो, समान वाटणी असेल तर हात सुटतो, फुकट असेल तर विचारूच नका. आमच्या मौनीने हा निबंध वाचलेला नाही, त्याला तो उपजत येतो. मिसळ, डोसा, पावाच्या दोन जोड्या, कॉफी, ताक. त्याचं करासह होतं ३३० रुपये ७५ पैसे. माझा उपमा आणि एक चहा, ८९ रुपये २५ पैसे.

ज्याचं त्याचं लावायचं तर कोणीतरी तोंड उघडून ‘तू ताक घेतलंस’ म्हणावं लागतं. आणि पाळी लावली तर माझी पाळी नेमकी त्या रविवारी येते ज्या रविवारी कोणाचा तरी मेहुणा पुण्यात आलेला असतो. मेहुणे कधीही एकटे येत नाहीत.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं : ‘माणशी १७८.५०’. पूर्वी यूपीआयवर मित्राला थेट मागणी पाठवता यायची. आपण मागायचं, त्याने पिन टाकायचा. भामट्यांनी त्या सोयीचा इतका वापर केला की १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाकडे अशी मागणी करणं बंदच झालं. दुकानदाराला अजून मागता येतं, मित्राला नाही. आता क्यूआर पाठवा, नाहीतर लाज सोडून लिहा. मी क्यूआर पाठवला. खाली ‘घाई नाही’ असंही लिहिलं. ते लिहिताना स्वतःचा संताप आला, कारण घाई होती.

पहिले पैसे मौनीचे आले. पूर्ण १७८ रुपये ५० पैसे, दोन मिनिटांत. १५२ रुपये २५ पैशांचं अनुदान मिळालेला माणूस कर्तव्यदक्ष असणारच. गुंतवणूकवाल्याने १७८ पाठवले, पन्नास पैसे राखीव निधीत. सत्यवादीने लिहिलं, ‘खरं सांगायचं तर मी दोनच कॉफ्या घेतल्या’, आणि ८४ पाठवले. करासह बरोबर. अन्नाला शिवला नव्हता हे खरंच, पण हे सत्य सकाळी टेबलावर कुठे होतं? यशस्वी म्हणाला, ‘मागच्या वेळी मी दिले होते, वळते करून घे.’ मागच्या वेळी तो आलाच नव्हता. समाजचिंतकाने अंगठा पाठवला. अंगठ्याचा विनिमय दर अजून जाहीर झालेला नाही.

जमा ४४० रुपये ५० पैसे. येणे बाकी ४५२.

यातलं गंमतशीर काही नाही. करोडोंची निवृत्ती, देशाचं दरडोई उत्पन्न, महागाईचा दर हे आम्ही घसा बसेपर्यंत बोलतो. पण ‘माझे १७८ दे’ एवढं वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आकडा जितका लहान तितकी जीभ जड. यशस्वीला ‘तू मागच्या वेळी नव्हतास’ हे मी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, आणि शेवटी त्याच्या पॉलिसीबद्दल अभिनंदन पाठवलं.

जाताना काका म्हणाले होते, सहकारी कायद्यात ऑडिटमधल्या दोषांची दुरुस्ती तीन महिन्यांत करून ‘ओ’ नावाच्या ठरावीक नमुन्यात अहवाल द्यावा लागतो, तुम्हा मंडळींनीही द्यावा. वर्ग कुठला, असं गुंतवणूकवाल्याने हसत विचारलं. “ड,” ते म्हणाले आणि पेपरची घडी काखेत घालून निघाले.

रात्री झोप येईना म्हणून मी बिल पुन्हा काढलं आणि माणसावार तेरीज मांडली. मिसळ जुळली. डोसे जुळले. कॉफ्या पाच, जुळल्या. चहा : मी एक, यशस्वी एक, गुंतवणूकवाला एक, समाजचिंतक दोन. पाच. मौनी आणि सत्यवादी चहा घेत नाहीत. बिलात सहा. पुढे लाल शाईची ठसठशीत खूण.

पंचवीस रुपये, अधिक जीएसटी सव्वा.