पॉज कर जरा

आमच्या घरात पिक्चर बघताना रिमोट ज्याच्या हातात असतो त्याचं काही चालत नाही, फोन ज्याच्या हातात असतो त्याचं चालतं, आणि फोन असतो माझ्या सासऱ्यांच्या हातात. सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे डॅलसला आलेत. बाबांनी आख्खी नोकरी ऑडिटमध्ये काढली, रिटायर झाले पण ऑडिट काही सुटलं नाही. आता सरकारी फायली समोर नाहीत म्हणून पडद्यावर जे दिसेल त्याचं व्हाउचर मागतात. चष्मा कपाळावर, फोन हात ताणून लांब धरलेला, ब्राइटनेस इतका फुल की लाइट बंद केल्याचा काही उपयोग नाही, आणि मग ते वाक्य, "पॉज कर जरा."

झालं असं की लाँग वीकेंडला सॅन अँटोनियोला जायचं ठरलं. तिथे अलामो आहे, मेक्सिकोच्या सैन्याशी लढताना टेक्सासवाले जिथे पडले ती जागा, त्यांचं तीर्थक्षेत्रच ते, मग जायच्या आधी सगळ्यांना थोडी स्टोरी माहीत असावी म्हणून मी तिथेच लढलेल्या एका शिकारी-पुढाऱ्यावरचा डिस्नेचा १९५५ चा 'डेव्ही क्रॉकेट, किंग ऑफ द वाइल्ड फ्रंटियर' लावला. लेकाला चालेल, आईंना फार रक्त बघवत नाही तर तेही जमेल, आणि ९३ मिनिटांत मोकळे. असा माझा हिशोब, दुपारच्या चहाला सुरू केलेला.

सुरुवातीलाच गाणं. डेव्ही टेनेसीत डोंगराच्या माथ्यावर जन्मला आणि तीन वर्षांचा असताना त्याने अस्वल मारलं वगैरे. चाल अशी की ऐकली की संपलं, दिवसभर डोक्यातून जात नाही, त्या काळी अमेरिकेत ते पाच आठवडे एक नंबरला होतं म्हणे. लेक दुसऱ्या ओळीपासून नाचायला लागला आणि बाबा म्हणाले, पॉज कर जरा. मग फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन "डेव्ही क्रॉकेट बर्थ प्लेस". फोनला ऐकू आलं क्रिकेट, त्याने कुठल्यातरी मॅचचा स्कोअर दिला, बाबा दोन मिनिटं तोच वाचत बसले कारण विकेट पडली होती, आणि मग एका बोटाने टाइप करून निकाल दिला. जन्म १७ ऑगस्ट १७८६, पूर्व टेनेसी, नोलिचकी नदीच्या काठी. "डोंगराचा माथा कुठे आलाय? नदीकाठी जन्मलाय हा! पहिलीच एंट्री चुकीची." अस्वलाचं तर विचारूच नका. तीन वर्षांच्या पोराला अस्वलाजवळ सोडणारे आईबाप कोण, यावर आई मेथी निवडता निवडता जे बोलल्या ते त्या आईबापांनी ऐकलं नाही हेच बरं.

पुढे डेव्ही झुडपात बसून अस्वलाकडे बघून नुसता दात दाखवून हसतो, की हसण्यानेच ते गार पडावं. मेजर येऊन मध्येच बोलतो, अस्वल बिथरतं, मग डेव्हीला चाकू घेऊन झुडपात शिरावं लागतं. हा सीन खरंच मस्त आहे, मी मोठी होऊनही हसले. बाबांनी तोवर शोधून काढलं की स्वतःच्या आत्मचरित्रात हा माणूस वर्षाच्या आत १०५ अस्वलं मारल्याचं सांगतो. "एकशेपाच! मोजली कोणी?" लेकाने मात्र टेक्निक लगेच उचललं. त्या रात्री ताटातल्या भेंडीकडे बघून तो बराच वेळ दात दाखवत बसला होता.

हीरो फेस पार्कर, साडेसहा फुटाच्या जवळपास उंच, बोलायला संथ, दिसायला सज्जन. आईंना पहिल्या नजरेत पसंत. बाबांना तो पसंत पडायला वेळ लागला, पण जन्म फोर्ट वर्थचा हे कळल्यावर एकदम "अरे हा तर आपल्या इथलाच!" येऊन महिना होत नाही तर फोर्ट वर्थ आपलं झालं. आणि म्हातारपणी याने कॅलिफोर्नियात द्राक्षांचे मळे लावून वायनरी काढली हे वाचल्यावर तर नाशिककर माणूस विरघळलाच, दहा मिनिटं पिक्चर बंद आणि द्राक्षावरच्या भुरीवर लेक्चर.

टोपीचं प्रकरण वेगळंच. रॅकूनच्या कातड्याची, मागे शेपूट लोंबणारी टोपी. रॅकून म्हणजे बाबांच्या लेखी आमचा कचऱ्याचा डबा उलटा करणारा तो चोर, त्याला डोक्यावर घेऊन कोणी फिरतं हेच त्यांना पटेना. पण तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला ती टोपी हवी होती, रॅकूनच्या शेपट्यांचा भाव २५ सेंट पाउंडावरून ८ डॉलरवर गेला होता असं वाचून त्यांनी मान हलवली. भाववाढ हा विषय त्यांच्या जवळचा आहे. वर ही सगळी आधी टीव्हीवर तीन भागांत दाखवलेली गोष्ट, पहिला भाग डिसेंबर १९५४ चा, आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असताना डिस्नेने शूटिंग मात्र कलरमध्ये करून ठेवलेलं, म्हणून तेच तीन भाग जोडून लगेच थिएटरात लावता आले. "एकाच मालाचं दोनदा बिल," बाबा म्हणाले, पण आवाजात कौतुक होतं.

तीन भाग जोडलेत हे बघताना कळतंच म्हणा, कारण प्रत्येक जोडाला ते गाणं परत येतं. दर वेळी लेक नाचतो, दर वेळी नवरा, जो एरवी या सगळ्यात लॅपटॉपमध्ये डोकं घालून असतो, तोही गुणगुणतो, आणि मला कुकर लावायला उठायचं असतं.

मग आला रडायचा सीन. डेव्ही घरापासून लांब, आणि पत्र येतं की बायको पॉली तापाने गेली. तो काही बोलत नाही, नुसता चालत राहतो. आईंच्या हातातली मेथी थांबली, पदर डोळ्याला गेला. मी रिमोट मांडीखाली लपवला, म्हटलं हा एक सीन तरी सुखाने जाऊ दे. तर बाबा रिमोटशिवायच म्हणाले, "अगं रडतेस काय, याने लगेच दुसरं लग्न केलंय. एलिझाबेथ पॅटन, विधवा होती, तिची दोन मुलं. इथे लिहिलंय."

"कुठे?"

"इथे. पिक्चरमध्ये नाही."

आईंचा पदर खाली. "मग तिला पिक्चरमध्ये का नाही घेतली?" याचं उत्तर फोनमध्ये नव्हतं. त्यानंतर आईंनी डेव्हीकडे सरळ नजरेने पाहिलंच नाही, फेस पार्करने कितीही गोड हसून दाखवलं तरी.

डेव्ही अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून जातो त्या भागात मात्र बाबा शांत बसले, हा चमत्कारच. १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन तिथल्या मूळच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलायचा कायदा आणतो आणि डेव्ही, जो आधी त्याच जॅक्सनच्या हाताखाली त्यांच्यातल्याच क्रीक जमातीशी लढलेला, विरोधात उभा राहतो. हे खरं निघालं, मत खरंच विरोधात दिलं होतं. कायदा १०२ विरुद्ध ९७ ने पास झाला आणि पुढच्याच निवडणुकीत डेव्ही आपटला. "आपटणारच," बाबा एवढंच म्हणाले, आणि फोन चक्क पालथा ठेवला. नंतर तो परत निवडून आला, १८३५ ला परत पडला, तेव्हा मतदारांना तुम्ही सगळे नरकात जा, मी चाललो टेक्सासला, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्याचं सांगतात. हे वाक्य बाबांना इतकं आवडलं की दोन दिवस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काही म्हटलं की ते तेच टाकत होते.

पण अलामोने शेवटी त्यांची शांतता मोडली. "हा किल्ला?" बुरूज कुठे, बालेकिल्ला कुठे, चोरदरवाजा कुठे. मी सांगितलं की ते मुळात स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन होतं, नंतर सैन्य राहायला लागलं. "मग यात तेरा दिवस लढले कसे?" हा प्रश्न खरा तर लढणाऱ्यांच्या बाजूचाच होता. त्यात टेक्सास तेव्हा मेक्सिकोचं, मेक्सिकोने गुलामगिरी आधीच बंद केली होती आणि टेक्सासातल्या अनेकांना ती हवी होती, हेही त्यांनी वाचून दाखवलं, पिक्चरमध्ये त्याचा 'ग' पण नाही. बोलता बोलता ६ मार्च १८३६ उजाडला. भिंतीवर शिड्या लागल्या, एकेक जण पडला, आणि डेव्ही एकटा उरून बंदूक दंडुक्यासारखी फिरवतोय, फिरवतोय, आणि तिथेच चित्र विरतं.

"मेला?" लेक.

डिस्नेने मेलेला दाखवलाच नाही. आणि फोन उघडला तर त्यात आणखी भानगड, एका मेक्सिकन अधिकाऱ्याच्या नावावरच्या लिखाणात डेव्ही जिवंत सापडला आणि नंतर मारला असं आहे, त्यावरून इतिहासकारांची अजून जुंपलेली. बाबांचे डोळे चमकले. मी कुकर, मेथी, भेंडी, सगळं सोडून नुसती बसले.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "आणि त्या दुसरीचं पुढे काय झालं?"

बाबांनी शोधलं. एलिझाबेथ नवऱ्याच्या मागे जवळजवळ पंचवीस वर्षं जगली, टेक्सासने त्याच्या लढाईबद्दल दिलेल्या जमिनीसाठी म्हातारपणी मुलाबाळांना घेऊन इकडे आली, १८६० ला गेली. ॲक्टन नावाच्या गावात पुरलंय, डोळ्यांवर हात धरून लांब बघणाऱ्या बाईचा पुतळा आहे थडग्यावर, आणि तेवढ्या इवल्याशा तुकड्याला राज्याने ऐतिहासिक स्थळ केलंय.

"किती लांब?"

"इथून दीडेक तास."

"मग आधी तिच्याकडे जाऊ," आईंनी मेथीची ताटली उचलली. "त्याचं नंतर बघू."

नवऱ्याने सॅन अँटोनियोचं हॉटेल एक दिवस पुढे ढकललं. पैसे कापले, आणि त्याची पावती बाबांनी मागून घेतली.