ड्रॅगन एज २ : घाई नडली
एका लेखात म्हटलंय की ड्रॅगन एज २ या व्हिडिओ गेमवर लोकांनी उगाच राग काढला. उगाच कसा? २००९ च्या पहिल्या भागात, म्हणजे ओरिजिन्समध्ये, नायकाच्या कथेला सहा वेगवेगळ्या सुरुवाती होत्या, माणूस नको तर एल्फ व्हा नाहीतर ड्वार्फ व्हा, आणि २०११ ला काय तर नायक फक्त एकच, हॉक नावाचा माणूस, आणि जवळपास सगळा गेम त्या एका कर्कवॉल शहराभोवती. वर घाईत उरकल्यासारखी तीच गुहा परत परत! मॅपवर रस्ता दिसतोय पण समोर दगडी दार बंद, की त्याच गुहेची झाली म्हणे नवीन जागा. मारामारी संपली म्हणावं तर वरून अजून एक टोळी टपकते, मग बसा मागे उभ्या असलेल्या आपल्या जादूगाराला वाचवत. हॉकचा सोबती व्हॅरिक मात्र भारी, त्याच्या गप्पांसाठीच शेवटपर्यंत खेळलो. बाकी सोबत्यांचं चिलखत बदलता येणार नाही हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.