दीड आणि दीड तीन, हा हिशेब साइटवर चालत नाही

भाचा नुकताच बांधकाम साइटवर मदतनीस म्हणून लागलाय. त्याच्यापर्यंत एक फॉरवर्ड पोचलाय: क्रेन ऑपरेटरकडे लायसन्स असलं की झालं, लोडला बेल्ट बांधायला, ऑपरेटरला खुणेचा हात दाखवायला कुणीही चालतो, बाकीचे कागद म्हणजे क्लासवाल्यांचा धंदा.

‘बाकी कुणाला लागत नाही’ म्हणे. सिंगापूरचे 2011 चे क्रेनचे नियम काढून बघा. ऑपरेटरखेरीज लिफ्टिंग सुपरवायझर, रिगर (लोडला बेल्ट बांधणारा) आणि सिग्नलमन (ऑपरेटरला खुणा करणारा) नेमावेच लागतात, तेही प्रशिक्षण घेतलेले, आणि कुणी काय करायचं तेही लिहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात तर रिगिंगच्या लायसन्सलाच बेसिक, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा पायऱ्या आहेत.

कहर पुढे आहे. ‘दीड टनाचे दोन बेल्ट लावले की 3 टन उचलतात, त्यात शिकायचं काय?’ अरे बाबा, बेल्ट सरळ उभे असले तरच! एकाच हुकातून ते तिरके फाकले की ताण वाढतो. लोड 2 टनांचाच धरा. बेल्टचा आडव्या रेषेशी कोन 60 अंश असेल तर प्रत्येकावर साधारण 1.15 टन येतात. 45 अंशांना 1.41, म्हणजे काठावर. 30 अंशांना प्रत्येकावर पुरे 2 टन, आणि बेल्टच्या टॅगवर क्षमता लिहिलीय दीड! केबिनमधल्या लायसन्सवाल्याला हे कळणार कसं? त्याच्या स्क्रीनवर तिन्ही वेळा लोड तेवढाच दिसतो. कोन बघायचा तो खाली उभ्या असलेल्या रिगरने. बेल्ट चोक करून, म्हणजे लोडभोवती फास आवळून लावला तर क्षमता आणखी घटते, आणि बीमच्या धारदार कडेवर पॅकिंग न देता टाकला तर टॅगवरच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

कागद विकणारे क्लास आहेत, नाही म्हणत नाही. म्हणून न शिकलेल्या पोराला हुकाखाली उभं करायचं?

राहिलं ‘हात कुणीही दाखवावा’. यात एक खूण खरी आहे: ‘थांब’. अमेरिकेच्या नियमांतही आहे, ती कुणीही केली तरी ऑपरेटरने थांबायचंच. बाकी वर, खाली, बूम (क्रेनचा लांब हात) फिरव हे नेमलेल्या सिग्नलमनचं काम. लोड भिंतीमागे उतरत असेल तर ऑपरेटरला लोड दिसतच नाही, आणि तेव्हा दोघांनी दोन दिशांना हात केले तर त्याने कुणाचं ऐकायचं?