खुलासा : स्विच २ मध्ये जुनं मेमरी कार्ड चालणार नाही

५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या गेम खेळायच्या यंत्राबद्दल मी लिहिलं होतं, 'जुन्या स्विचमधलं कार्ड काढा, नव्यात घाला, सगळे गेम सुरू.' ते चूक आहे. ती पोस्ट मी काढलीय, पण तिचे स्क्रीनशॉट अजून फिरताहेत.

निन्टेन्डोने २ एप्रिल २०२५ ला दिलेल्या माहितीनुसार गेम साठवायला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगाचं नवं कार्ड चालतं. जुन्या स्विचमधल्या साध्या मायक्रोएसडी कार्डावरून फार तर जुने फोटो-व्हिडिओ कॉपी होतील. दोन्ही कार्डं आकाराने एकसारखीच, त्यामुळे माझी गल्लत झाली. उलटी करून पाहिली तेव्हा कळलं, एक्सप्रेसच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची आणखी एक रांग असते. वेगाचं काम तिचंच.

जुने गेम मात्र बहुतेक सगळे चालतात. कार्ट्रिज (विकत घेतलेल्या गेमची छोटी चिप) असेल तर तीच घाला, डिजिटल असेल तर त्याच खात्यातून पुन्हा डाउनलोड करा. आत २५६ जीबी जागा आहे, म्हणजे कार्डाची लगेच घाई नाही. पोराच्या हट्टापायी कुणी साधं कार्ड विकत घेऊन बसू नये, एवढीच काळजी वाटते. माझ्यामुळे कुणी घेतलं असेल तर मनापासून माफी मागतो. तो स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवलाय तिथे हा खुलासा टाका.